हल्डाताईची सही

वेस्ट कॉर्बिन, व्हरमाँट
१४ जानेवारी १९५१

चि. ऑरिन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि सहा आठवडे पत्र नाही म्हणून पाठीत एक धपाटा. वि. वि.

मेपलच्या पाकाचा डबा पोचला हे विनीच्या कार्डावरून कळलं. डबा तुझ्या नावाने धाडला आणि आभार तुझ्या बायकोने मानले, यावरून तुमच्या घरात लिहिण्याचं खातं कुणाकडे आहे ते समजलं. असो, तू लहानपणापासून असाच. थंडी यंदा हाडात शिरते आहे. वाचनालयातली शेगडी धूर फार आणि ऊब कमी देते, म्हणून मी हातमोजे घालूनच पुस्तकांवर शिक्के मारते. कोंबड्यांनी अंडी घालणं बंद केलंय. शेजारच्या एझ्रा टटलने गोठ्यात रेडिओ बसवलाय. गाणी ऐकून गायी जास्त दूध देतात म्हणे. बातम्या लागल्या की दूध आटतं, म्हणून बातम्यांच्या वेळी तो उठून बटण बंद करतो. गाव त्याला हसतं, पण मला त्या गायींचं पटतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्या तीन पंचांमध्ये गेल्या वर्षी बडलाँगसाहेब निवडून आले, ते तुला कळवलं होतं. कनेटिकटला विम्याच्या कचेरीत होते, निवृत्त होऊन इथे घर घेतलं. पंच व्हायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून ते झाले, पण त्यांची समजूत अशी की गावाने त्यांना साकडं घातलं. तर या गृहस्थांनी मार्चच्या गावसभेपुढे एक कलम ठेवलंय. गावाचं कसलंही काम ज्याच्याकडे आहे, मग तो निवडलेला असो की नेमलेला, त्याने मी कम्युनिस्ट नाही, कधी नव्हतो आणि तसल्या माणसांच्या सावलीलाही उभा राहिलो नाही, असं शपथेवर लिहून खाली सही द्यायची. नाही दिली तर काम सोडायचं. मसुदा त्यांनी स्वतः लिहिला. तीनदा फाडला आणि चौथ्यांदा माझ्याच वाचनालयाच्या टेबलावर, माझीच शाई वापरून पुरा केला.

मी त्यांना तिथल्या तिथे सांगून टाकलं की मी सही देणार नाही. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. ऑरिन, १९२० साली या वाचनालयाची किल्ली घेताना मी हात वर करून शपथ घेतली होती, आपल्या बाबांच्या देखत. आता तीच पुन्हा घ्या म्हणायचं म्हणजे पहिली खोटी होती असंच ना? एकतीस वर्षांत मी गावाची एक टाचणी घरी नेलेली नाही. कम्युनिस्ट कसा दिसतो हेही मला माहीत नाही, आणि बडलाँगसाहेबांनाही माहीत नसावं, कारण ते सगळ्यांकडेच तसं बघतात.

वाचनालय गेलं तर माझ्याकडे कोंबड्या आणि तू एवढंच उरतं, हे मला कळतं. तरी सही नाही म्हणजे नाही. सहा मार्चला सभा आहे, बघू काय होतं ते. खोकल्याचं औषध घे. बाटलीकडे नुसतं बघून खोकला जात नाही. विनीला जवळ घेऊन माझी आठवण सांग. पत्राची वाट पाहते, हे पुन्हा लिहायची पाळी आणू नकोस.

तुझी
हल्डाताई

वॉशिंग्टन
२१ जानेवारी १९५१

ती. हल्डाताईस,
ऑरिनचे शि. सा. न. वि. वि.

धपाटा पोचला, अजून पाठ चुरचुरते आहे. पत्र लिहिलं नाही त्याचं कारण असं की एक बातमी सांगायची होती आणि ती पक्की व्हायची वाट बघत होतो. ताई, मे महिन्यात तू आत्या होणार आहेस. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे. मी चव्वेचाळीस, विनी छत्तीस, त्यामुळे शेजारणी तिला सल्ले द्यायला येतात आणि मला बघून गप्प होतात. आम्ही दोघं उगाचच हसत असतो. कालपासून मी एक पाळणा सुतारकामाच्या पुस्तकात बघून करायला घेतलाय. विनी म्हणते मूल शाळेत जाईपर्यंत होईल.

नव्या घरात आता सहा महिने झाले. आमच्या रस्त्यावर एकशे चाळीस घरं, सगळी एका साच्यातली. तेच दार, तीच खिडकी, दारापुढे तेच काठीएवढं झाड. गेल्या मंगळवारी संध्याकाळी मी कचेरीतून आलो, टोपी खुंटीला अडकवली, बूट काढले, खुर्चीत बसून पेपर उघडला. स्वयंपाकघरातून विनी काही बोलेना, म्हणून मीच मोठ्याने विचारलं की आज बटाटे करपले वाटतं. तर एक भलतीच बाई पळी घेऊन बाहेर आली. दोन घरं अलीकडेच शिरलो होतो. बाई चांगली निघाली. म्हणाली बटाटे खरंच करपलेत, आणि तिचा नवराही मागच्याच आठवड्यात असाच चुकून पलीकडे जाऊन बसला होता. आता विनीने आमच्या दाराला निळा रंग दिलाय.

सरकारी कचेरीत माझं तेच चाललंय, कुठे कसली माती ते नकाशात रंगवणं. सध्या नेब्रास्का. तुझ्या त्या शपथेचं वाचलं. ताई, रागावू नकोस, पण एवढं काय त्यात? इथे सत्तेचाळीस सालापासून असले कागद सारखे येतात. मी चारदा सह्या करून मोकळा झालो. पावसात छत्री उघडावी तसं ते असतं, त्यात मानापमान कसला? बडलाँगसाहेबांना त्यांचा कागद देऊन टाक आणि आपली पुस्तकं सांभाळ. तुझ्याशिवाय ते वाचनालय म्हणजे नुसत्या चार भिंती, हे गावाला कळत नसलं तरी मला कळतं.

मलाही पुढल्या आठवड्यात काही प्रश्न विचारायला बोलावलंय. सगळ्यांनाच आळीपाळीने बोलावतात, काळजीचं कारण नाही. औषध घेतो. तुझा राग लवकर उतरो आणि माया आहे तेवढी राहो, एवढंच मागणं.

तुझा
ऑरिन

वेस्ट कॉर्बिन
२ फेब्रुवारी १९५१

चि. ऑरिन आणि चि. सौ. विनी यांस,
पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र मी पोस्टात उभ्या उभ्याच वाचलं आणि मग पोस्टमास्तरणीला सांगितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. एझ्राने कुंपणापलीकडून टोपी उचलली आणि म्हणाला, बरं झालं. दिवसाकाठी दहा शब्द बोलणाऱ्या माणसाने त्यातले दोन तुमच्यासाठी खर्च केले, हे ध्यानात ठेवा. लोकर आणली आहे, पिवळी, म्हणजे मुलगा असो की मुलगी, चालेल. विनी, तू उंच ठिकाणचं काही काढायला जाऊ नकोस. ऑरिन, पाळण्याला खिळे आतून ठोकू नकोस, हे पुस्तकात लिहिलेलं नसतं.

दुसऱ्याच्या घरात बसून बटाट्यांना नावं ठेवल्याचं वाचून मी एकटीच हसत बसले होते. नेमके तेव्हा बडलाँगसाहेब आत आले. त्यांना पाहायचं होतं की गावात रशियाबद्दलची पुस्तकं कोण वाचतं. आपल्याकडे तसलं एकच पुस्तक आहे, जाडजूड, झारच्या काळातलं. मी सांगितलं की कोण काय वाचतं हे मी आणि तो वाचणारा, दोघांपुरतंच असतं. ते म्हणाले, मी पंच आहे. मी म्हटलं, पंच आहात म्हणूनच खुर्ची दिली. ते पुस्तक तीन वर्षांत एकाच व्यक्तीने नेलंय. तिचं नाव त्यांनी पाहिलं असतं तर त्या दिवशी घरचं जेवण त्यांच्या घशाखाली उतरलं नसतं. तुलाही सांगणार नाही.

पण जाताना ते दारात थांबले आणि विचारलं की कोरियाचा चांगला नकाशा आहे का. त्यांचा एकुलता मुलगा तिकडे लढाईवर आहे, आणि पाच आठवडे पत्र नाही. मी नकाशा काढून दिला. त्यांनी बोट ठेवलं, पण कुठे ठेवावं ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. घरात बसवत नाही म्हणून हा माणूस गावभर कम्युनिस्ट शोधत हिंडतो, असं मला वाटलं. त्यांची दया आली. तरीही सही देणार नाही. दया वेगळी आणि सही वेगळी.

तू लिहितोस पावसात छत्री उघडावी तसं. अरे, पण पाऊस पडतोय का ते तरी आधी बघशील की नाही? तुझ्या प्रश्नांचं काय झालं ते कळव. मुलाची चाहूल लागलेल्या घराला सगळं शुभ असो.

तुमची
हल्डाताई

वॉशिंग्टन
११ फेब्रुवारी १९५१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. विनी बाजारात गेली आहे.

मागे मी लिहिलं होतं की सगळ्यांनाच बोलावतात. ते खोटं होतं. सगळ्यांना बोलावत नाहीत. पहिल्या वेळी त्यांनी जुनं काहीबाही विचारलं, कुठली मासिकं घेतोस, कुणाकडे जेवायला जातोस. काल दुसऱ्यांदा बोलावलं. टेबलामागे तिघे होते, तिघेही सभ्य, एकाने तर मला पाणी दिलं. त्यांच्यापुढे आपल्या जिल्ह्याच्या साप्ताहिकाचं कात्रण होतं. त्यात बडलाँगसाहेबांचं बोलणं छापलंय, आणि त्यात तुझं नाव आहे, की ग्रंथपाल मिस हल्डा पेटिंगिल यांनी शपथेला साफ नकार दिला. ते इथवर कुणी धाडलं, देव जाणे. त्यांनी मला विचारलं की ही तुझी कोण. मी सांगितलं, सख्खी बहीण, आईच्या मागे हिनेच मला वाढवलं. हे सांगायला नको होतं की काय, असं मला क्षणभर वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज अजून जात नाही.

त्यांचं म्हणणं असं की जवळच्या नातलगाने अशी शपथ नाकारली, तर माझ्या नावावर प्रश्नचिन्ह राहतं. तुमच्या सभेत काय होतं ते बघून मार्चच्या मध्यावर ते निर्णय देतील. नोकरी गेली तर नुसती जाणार नाही. असा शेरा घेऊन गेलेल्या माणसाला दुसरीकडे कुणी दारात उभं करत नाही. आमच्या मजल्यावरचा एकजण गेला, तो आता सासऱ्याच्या दुकानात खोकी उचलतो.

ताई, मे महिना जवळ आलाय. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही असं नाही, सगळं तुझ्याकडेच मागितलं. हे एक शेवटचं. सही दे. तुझं म्हणणं खरं आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच मागताना जीभ जड होते. विनीला यातलं काही सांगितलेलं नाही. मला क्षमा करता आली तर कर, आणि नाही आली तरी लिहीत जा.

ऑरिन

वेस्ट कॉर्बिन
१५ फेब्रुवारी १९५१

चि. ऑरिन यास आशीर्वाद.

सही देते.

यावर आणखी लिहू नकोस, मीही लिहिणार नाही. सभेच्या दिवशी सगळ्यांदेखत देईन, म्हणजे छापायचं त्याला छापता येईल. पिवळी लोकर कमी पडली म्हणून पांढरी जोडली आहे. विनीला दूध पुरेसं मिळतं का? तू रात्री जागू नकोस. जागून काही सुटत नाही, नुसते डोळे लाल होतात.

हल्डाताई

वॉशिंग्टन
३ मार्च १९५१

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि., आणि पाया पडून एक विनंती.

सही देऊ नकोस. माझं अकरा तारखेचं पत्र मी परत मागतो. चुलीत घाल ते.

तुझं दोन शब्दांचं उत्तर मी दोन आठवडे कोटाच्या खिशात घेऊन हिंडतोय. आधी हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस नकाशा रंगवताना डोळ्यांपुढे आलं की तू सभागृहाच्या मधल्या वाटेने चालत चालली आहेस, सगळं गाव बघतंय, आणि तू मान ताठ ठेवली आहेस ती माझ्यासाठी. ब्रश खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. काल विनीला सगळं सांगितलं. तिने आधी मला चांगलं फैलावर घेतलं आणि मग माझ्याजवळ बसून राहिली. जे व्हायचं ते माझं होऊ दे, ताई. बहिणीला वाकवून मिळालेल्या घरात मूल वाढवायचं कसं? हे पत्र सोमवारी तरी मिळावं. तुझा लोभ माझ्या वागण्यावर अवलंबून नाही, हे मला माहीत आहे, आणि त्याचीच मला लाज वाटते.

तुझा
ऑरिन

उरलेल्या जागेत विनीचे सा. न. ताई, मी पश्चिम व्हर्जिनियातल्या कोळशाच्या गावात वाढले. तिथे घर खाण कंपनीचं, दुकान कंपनीचं, आणि माझे बाबा कंपनीला विचारल्याशिवाय शिंकत नसत. त्यातून सुटून मी इथवर आले ते पुन्हा तसं जगायला नाही. तुमचा भाऊ मला आधीच बोलला असता तर ते पत्र मी पेटीत पडूच दिलं नसतं. मी टायपिंग करते, दर मिनिटाला सत्तर शब्द, उपाशी मरणार नाही आम्ही. तुम्ही मुळीच उठू नका.

वेस्ट कॉर्बिन
७ मार्च १९५१

चि. ऑरिन, चि. सौ. विनी यांस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमचं तीन तारखेचं पत्र मला काल संध्याकाळी सहा वाजता मिळालं. सभा तोवर आटोपली होती. रविवारपासून हिमवादळ होतं, गाडी दोन दिवस खाली जंक्शनला अडकून पडली होती. तेव्हा घाबरू नका, शांतपणे खुर्चीत बसा, आपल्याच घरातल्या खुर्चीत, आणि क्रमाने वाचा.

वादळ असूनही सभागृह भरलं होतं, दीडशेच्या वर माणसं. एझ्रा सलग विसाव्या वर्षी सभापती झाला. बडलाँगसाहेबांच्या आग्रहाने त्यांचं कलम लगेच दुसऱ्या क्रमांकावर घेतलं होतं, निवडणुकांच्याही आधी. त्यांनी ते वाचून दाखवलं आणि मुलाचं नाव न घेता मुलाबद्दल बोलले. लोकांनी माना खाली घातल्या. मतं घेतली तेव्हा होकार मोठा आला, नकार मागच्या बाकावरून चार-पाच. मी दोन्हीकडे गप्प होते. कलम मंजूर. चिटणीस लोर्ना पीझली हिने टेबलावर कागद आणि दौत मांडली, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी लगेच उठले. मधल्या वाटेने चालताना कुणाच्या तरी तोंडून, अरेरे, हल्डासुद्धा, असं निघालं, ते मला अजून टोचतंय. टाक उचलला, शाईत बुडवला, आणि लोर्नाने कागदावर हात ठेवला. म्हणाली, हल्डा, जरा थांब, मला ही सही घेता येईल असं वाटत नाही. कलमात शेवटी एक वाक्य आहे. सही नुसती द्यायची नाही, तर ज्याने स्वतः आधी ही शपथ घेतलेली आहे अशाच गावच्या अधिकाऱ्यासमोर द्यायची. बडलाँगसाहेबांना कुणाचा भरवसा नव्हता म्हणून त्यांनी ते घातलं. लोर्नाने शपथ घेतलेली नव्हती.

साहेब म्हणाले, मग लोर्नाबाईंनी आधी घ्यावी. लोर्नाने विचारलं, कुणासमोर? ते म्हणाले, पंचांसमोर. दुसरे पंच म्हणाले, आम्ही तरी कुठे घेतली आहे. साहेब म्हणाले, मी पहिला घेतो. एझ्राने चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता विचारलं, कुणासमोर? आणि सांगितलं की पाव तासापूर्वी गावाने हो म्हटलेलं वाक्य बदलायचा सभापतीला अधिकार नाही. शिवाय कलमाप्रमाणे शपथ न घेतलेल्या माणसाला गावाचं काम करता येत नाही, तेव्हा ज्यांच्याकडे काम आहे त्यांनी हात वर करावेत. ऑरिन, तुला आपलं गाव माहीत आहे. कुंपणं बघणारे, कोळसा तोलणारे, लाकूड मोजणारे, दफनभूमीवाले, दीडशेत एकसष्ट हात वर गेले. रस्त्यावरचा बर्फ काढणारा डेक्स्टर टोपी घालून उठला आणि म्हणाला, मग मी घरी जातो. बाहेर बर्फ पडतच होता. तेव्हा मात्र सभागृह हसलं, आणि एझ्राने जेवणाची सुट्टी दिली. ते कलम पंधरा दिवस माझ्याच दारावर लावलेलं होतं. मी रोज वाचलं आणि मला ते शेवटचं वाक्य दिसलं नाही, कारण माझं लक्ष फक्त माझ्या सहीवर होतं. एझ्राला पहिल्याच दिवशी दिसलं असावं. विचारलं तर म्हणतो, गायींचं बघायचं होतं.

जेवताना बडलाँगसाहेबांच्या शेजारी कुणी बसेना. मी बसले. त्यांना बीन्स वाढले, लोणचं दिलं. त्यांनी विचारलं की नाही नाही म्हणत होतात, मग सगळ्यांआधी का आलात. मी खरं ते सांगितलं. माझा भाऊ वॉशिंग्टनला आहे, तुमचं छापलेलं बोलणं त्याच्या चौकशीच्या टेबलावर पोचलं, आणि त्याच्या घरी मूल होणार आहे. त्यांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, मला हे माहीत नव्हतं, मिस पेटिंगिल. मी म्हटलं, माहीत नव्हतं हे खरं आहे, पण म्हणून बरं झालं असं नाही. कलमाच्या बाजूने मत दिलेल्यानेच फेरविचार मागायचा अशी आपल्या सभेची रीत आहे. जेवणानंतर ते स्वतः उभे राहिले आणि फेरविचार मागितला. कलम पडलं. ते वाचवायला एकही आवाज आला नाही.

आणि मग घरी आले तर तुमचं पत्र. ते वेळेवर आलं असतं तर मी बाकावर दात आवळून बसले असते, साहेबांना हवं ते भांडण मिळालं असतं, आणि कलम कदाचित राहिलं असतं. पण मला आनंद झाला तो त्याचा नाही. तुला ते लिहावंसं वाटलं, याचा झाला. मी रडले, पोरा. कोट न काढता, हातात पत्र घेऊन, चांगली रडले. विनी, तुझ्या चार ओळी मी दोनदा वाचल्या. माझ्या भावाने घर चुकवलं असेल, बायको चुकवली नाही.

आता तुझे ते तिघे सभ्य गृहस्थ काय म्हणतात ते कळव. जे झालं तेच त्यांना सांग, कमी नाही आणि जास्त नाही. दोघांनी, नव्हे तिघांनी, आपापल्या जिवाला जपावं आणि मला विसरू नये.

तुमची
हल्डाताई

वॉशिंग्टन
१५ एप्रिल १९५१

ती. हल्डाताईस,
तिघांचे शि. सा. न. वि. वि.

पिवळं-पांढरं पांघरूण मिळालं. विनीने ते पाळण्यात घालून बघितलं. हो, पाळणा झाला, थोडा डावीकडे कलतो. विनीची प्रकृती छान आहे, रोज एक मोठं लोणचं खाते आणि मला देत नाही. बडलाँगसाहेबांच्या मुलाचं पत्र आलं हे तुझ्या कार्डावरून कळलं. मला इतकं बरं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

आता कबुली. वीस मार्चला निकाल आला, नोकरी कायम, हे मी तुला कळवलं. पण पुढचं कळवलं नव्हतं. त्या दिवशी मला कागद दाखवला, तुझ्या नावापुढे लिहिलं होतं, बहीण शपथेवर सही देण्यास स्वखुशीने सर्वांआधी पुढे आली. तुमच्या साप्ताहिकातलंच नवं कात्रण त्यांना मिळालं होतं. त्यातल्या एकाने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला की तुमची बहीण समजूतदार आहे. मी आभार मानले, घरी आलो, जेवलो. दोन दिवस मला जेवण गोड लागेना. स्वखुशीने हा शब्द सारखा आठवत होता. तो कागद त्या कपाटात राहणार, ताई, आपण दोघं गेल्यावरही, आणि त्यात तू कुणीतरी दुसरीच बाई असणार.

त्याच आठवड्यात गुरुवारी मी पुन्हा त्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकून बाई म्हणाल्या, प्रकरण बंद झालंय. मी म्हटलं, उघडायचा अर्ज द्या. तो मला पाणी देणारा गृहस्थ बाहेर आला आणि हळू आवाजात म्हणाला की सुटला आहात, घरी जा, मुलाबाळांचा विचार करा. मी सांगितलं, तोच करतोय. मग त्याने कागद दिला आणि मी असं लिहिलं: माझी बहीण पुढे आली ती स्वखुशीने नव्हे. मी तिला गळ घातली म्हणून आणि माझी नोकरी राहावी म्हणून. तिचं स्वतःचं उत्तर आधीही नाही हेच होतं, आजही नाही हेच आहे. तिच्याइतकं खरं बोलणारं माणूस मला ठाऊक नाही.

तीन आठवडे उत्तर नव्हतं. विनीला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तिने टायपिंगच्या दोन कचेऱ्यांत चौकशी करून ठेवली आणि मला ॲपल पायचा जास्तीचा तुकडा वाढला. तुला कळवलं नाही कारण तू रागावली असतीस, आणि तू रागावलीस की मी लगेच ऐकतो. परवा उत्तर आलं. एकाच ओळीचं. नोंद घेतली आहे, पूर्वीचा निर्णय कायम. आज नेब्रास्का संपवून मी कॅन्ससची माती रंगवायला घेतली.

मे महिन्यात तू यायचंस, कोंबड्या एझ्राकडे ठेवून, त्याला निदान रेडिओची सोबत आहे. निळं दार, विसरू नकोस. आणि माझ्या मनात असलेलं एक लिहूनच टाकतो, तोंडाने बोलता येणार नाही. तुझी सही त्या दिवशी कुणालाच घेता आली नाही, ताई. माझी मात्र आता त्या कागदावर आहे, तुझ्या नकाराच्या खाली.

तुझा
ऑरिन